पार्ट्स सगळेच विकतात, तुम्ही जुळणी विका



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतोय. "सर, मला हार्डवेअरची आवड आहे. मित्रांचे, नातेवाइकांचे कॉम्प्युटर मीच जोडून देतो. असेंबलिंगचा व्यवसाय सुरू करू का? की आता त्यात काही उरलं नाही?"

या प्रश्नामागची भीती मला कळते. तुम्ही प्रोसेसरचा भाव सांगता, तेवढ्यात समोरचा गिऱ्हाईक मोबाइल काढतो आणि ऑनलाइनचा भाव तुमच्या तोंडासमोर धरतो. तुमच्या खरेदीपेक्षाही तो कधी कधी कमी असतो. मग मार्जिन कुठून काढायचं?

माझं मत आधीच स्पष्ट सांगतो. नुसते पार्ट्स विकून पैसे मिळवायचे दिवस लहान दुकानदारासाठी संपले. पण योग्य पार्ट्स निवडणं, ते एकमेकांशी आणि गिऱ्हाइकाच्या कामाशी जुळवून देणं आणि त्या जुळणीची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेणं, याचे पैसे आजही मिळतात. 'जुळणी' हा शब्द बघा किती छान आहे. मशीन जोडणं म्हणजे जुळणी, आणि दोन गोष्टींचं एकमेकांशी पटणं हीसुद्धा जुळणीच. आपल्या धंद्यात पहिली जुळणी स्क्रू-ड्रायव्हरने होते, दुसरी डोक्याने. पैसे दुसरीत आहेत.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. २८,८०० रुपये फी भरून शिकलोय.

आठ मशिन आणि एक अक्षर

२०२२ सालची गोष्ट. बार्शीत माझं छोटं दुकान होतं. एका कॉम्प्युटर क्लासची ८ मशिनची ऑर्डर आली. माझ्यासाठी ती तेव्हा मोठी होती. पण दुसऱ्या एका दुकानाचं कोटेशन माझ्यापेक्षा मशिनमागे साधारण दीड हजाराने कमी होतं. क्लासचे सर म्हणाले, "तुम्ही ओळखीचे आहात, भाव जुळवा, ऑर्डर तुमची."

मी रात्री बसून काटछाट करायला लागलो. तेव्हा सगळ्या व्हिडिओंमध्ये एका प्रोसेसरचं कौतुक चाललं होतं, आय३-१२१००एफ. माझ्या कोटेशनमध्ये आय३-१२१०० होता. दोन्हींत ४ कोअर, वेग तोच, फक्त शेवटी 'एफ' लागला की दीड हजार कमी. मला वाटलं, झालं काम! कोटेशन बदललं, ऑर्डर मिळाली. मशिनमागे अडीच हजार सुटणार होते, म्हणजे एकूण २०,०००. पुण्याहून माल आणला.

शनिवारी संध्याकाळी पहिलं मशीन जोडलं. पंखे फिरले, लाइट लागली, मॉनिटर काळाच. रॅम काढून पुसून परत लावली. केबल बदलली. मॉनिटर बदलला. बोर्ड बदलला. दुसरं मशीन जोडलं, तेही तसंच. रात्री अकराला डोक्यात प्रकाश पडला, की आठच्या आठ बोर्ड खराब कसे असतील? दोष बोर्डात नव्हता, माझ्या यादीत होता. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं पोर्ट दिसतं, पण ते चालतं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर. ज्यांचे व्हिडिओ मी बघत होतो ते गेमिंगचं मशीन बनवत होते. त्यांच्याकडे वेगळं ग्राफिक कार्ड असणारच होतं. माझ्या क्लासच्या मशिनमध्ये ते नव्हतं.

डीलरने प्रोसेसर परत घ्यायला नकार दिला, कारण सील फोडलेलं होतं. त्याची काही चूक नव्हती. रविवारी पुण्याला जाऊन ८ साधी ग्राफिक कार्डं आणली. एक ३,६०० ला, आठांचे २८,८००. कमाई २०,००० होणार होती, ती जाऊन खिशातले ८,८०० गेले. पुण्याची फेरी आणि झोप वेगळी.

सोमवारी मशिनं चालू झाली. मी सरांना झालेला प्रकार सांगितला. पैसे मागायचा विचार मनात होता, खोटं कशाला बोलू? पण ते जे म्हणाले त्याने माझं तोंड बंद झालं. ते म्हणाले, "मला एफ आणि बिनएफमधलं काय कळतंय? ते कळत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलो."

मित्रांनो, हे वाक्य मी आजही विसरलो नाही. गिऱ्हाईक आपल्याकडे प्रोसेसर घ्यायला येतच नाही. 'मला हे कळत नाही, तुम्हाला कळतं' या भरवशावर येतो. तो भरवसा हाच आपला माल. आणि त्या दिवशी मी तोच माल खराब दिला होता.

बसतंय, चालतंय, पुरतंय

त्यानंतर मी प्रत्येक पार्ट तीन प्रश्नांतून पास करायला लागलो. बसतंय का? चालतंय का? पुरतंय का? तुम्हीही हे तीन शब्द दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

पहिला प्रश्न, बसतंय का? हा सोपा आहे, कारण चूक लगेच दिसते. प्रोसेसर आणि बोर्डाचं सॉकेट एक हवं. इंटेलच्या १२, १३ आणि १४व्या पिढीला एलजीए १७००. एएमडीच्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत एएम४, आणि २०२२ मध्ये आलेल्या ७००० मालिकेपासून पुढे एएम५. रॅमचं तसंच. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एएम५ बोर्डावर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७०० मध्ये गंमत अशी की एकाच मॉडेलचे डीडीआर४चे आणि डीडीआर५चे असे दोन वेगळे बोर्ड मिळतात, नावात फरक एखाद्या अक्षराचा. बोर्ड मागवताना फोनवर "एच६१० पाठवा" एवढंच बोललात तर डीलर त्याच्याकडे जो पडून असेल तो पाठवेल. पूर्ण मॉडेल नंबर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.

कॅबिनेटही मोजायचं. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. लहान कॅबिनेटमध्ये ग्राफिक कार्डाची लांबी आणि कूलरची उंची बसते का, हे कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते वाचायला दोन मिनिटं लागतात. झाकण बंद होत नाही म्हणून कूलर बदलायला दोन दिवस जातात.

दुसरा प्रश्न, चालतंय का? नवीन मुलं इथे फसतात, कारण पार्ट व्यवस्थित बसतो आणि तरी चालत नाही. माझा एफवाला किस्सा याच जातीचा. अजून उदाहरणं घ्या.

२०१७ मध्ये इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले. सॉकेट सहाव्या-सातव्या पिढीचंच, एलजीए ११५१. प्रोसेसर जुन्या बोर्डात बसतो. पण आतल्या जोडण्या बदललेल्या आहेत, त्यामुळे जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर तो अधिकृतपणे चालत नाही. आता तुम्ही म्हणाल, इतकी जुनी गोष्ट आज कशाला? कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. सातव्या पिढीचं मशीन घेऊन माणूस दुकानात येतो आणि म्हणतो, "फक्त प्रोसेसर बदला, सॉकेट तेच आहे असं मी वाचलंय." तुम्ही 'हो' म्हणून सेकंड हँड आय५-८४०० आणला, की पैसे अडकले.

बायॉसचं असंच. एलजीए १७०० चे पहिले बोर्ड बाराव्या पिढीसोबत आले. त्यावर १३वी किंवा १४वी पिढी चालवायची तर बायॉस अपडेट लागतो. डीलरच्या गोडाऊनमध्ये जुना बोर्ड पडून असेल, तर मशीन चालूच होत नाही, आणि अपडेट करायला तर आधी मशीन चालू व्हायला हवं! काही बोर्डांना प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हने बायॉस टाकायची सोय असते, सगळ्यांना नसते. एएम४ मध्येही जुन्या बोर्डावर नवा रायझन लावताना हाच पेच.

एम.२ एसएसडी घ्या. दिसायला एकसारख्या, पण एक साटावर चालते, दुसरी एनव्हीएमईवर. अनेक बोर्डांवर एम.२ची जागा फक्त एनव्हीएमईसाठी असते. तिथे साटावाली बसते, स्क्रूही लागतो, पण बायॉसमध्ये दिसत नाही.

आणि एसएमपीएस. माझ्या मते असेंबलिंगमधला सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा पार्ट. दोन गोष्टी पाठ करून ठेवा. प्रोसेसरची ८ पिनांची वायर आणि ग्राफिक कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला जवळजवळ सारखी असते, पण जोडणी वेगळी असते. जोर लावून बसवू नका. दुसरं, मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावायच्या नाहीत. प्लग बसला तरी एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असू शकते. गिऱ्हाइकाची हार्ड डिस्क जळाली, तर त्यातले लग्नांचे फोटो तुम्ही कुठल्या भावाने परत देणार?

तिसरा प्रश्न, पुरतंय का? मित्रांनो, खरा धंदा इथे आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर मिळतात. तिसऱ्याचं उत्तर फक्त गिऱ्हाइकाच्या दुकानात जाऊन मिळतं.

मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात मी मशीन द्यायला गेलो होतो. भाव ठरलेला, मशीन तयार. त्यांना टॅली आणि बिलं एवढंच करायचं होतं. तिथे गेल्यावर बघतो तर बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुन्या पॅरलल पोर्टचा आणि वजनकाटा सिरियल पोर्टचा. माझ्या चकचकीत नव्या बोर्डाच्या मागे दोन्ही पोर्ट नव्हते. अनेक साध्या बोर्डांवर सिरियलचा कनेक्टर आत असतो, फक्त पट्टी वेगळी घ्यावी लागते. नाहीतर यूएसबीचा कन्व्हर्टर लावून, चालतोय का ते बघून द्यावा लागतो. माझं नुकसान काहीशे रुपयांचं झालं, पण ऐन आवकेच्या दिवशी त्यांचा काटा अर्धा दिवस हाताने लिहावा लागला. तेव्हापासून मी कोटेशन द्यायच्या आधी गिऱ्हाइकाच्या टेबलाचा मागून-पुढून फोटो मागतो.

कामाप्रमाणे पार्ट कसे बदलतात ते बघा. टॅली करणाऱ्याला मोठा प्रोसेसर नको, त्याला चांगली एसएसडी, ८ जीबी रॅम आणि भरवशाचा यूपीएस हवा. लग्नाचे अल्बम बनवणाऱ्या स्टुडिओला रॅम, जागा आणि बरा मॉनिटर हवा. सायंकाळी वीज जाणाऱ्या गावातल्या क्लासला आठ मशिनांचा एकूण भार त्याच्या इन्व्हर्टरला झेपतो का, हे आधी बघायला हवं. बाजारातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. त्यावर तुम्ही आरटीएक्स ३०६० चं मशीन लावलं, ज्याचं कार्ड एकटं १७० वॉट घेतं आणि ज्याला कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, तर रेंडरिंग चालू असताना वीज गेली की यूपीएस बसलाच. शिवाय काही साध्या यूपीएसचं आणि ॲक्टिव्ह पीएफसीच्या चांगल्या एसएमपीएसचं पटत नाही, वीज गेली की मशीन तिथेच बंद पडतं. तेव्हा यूपीएस, अर्थिंग, प्रिंटर हे सगळं तुमच्या जुळणीत धरा. कॅबिनेटच्या पत्र्याशी तुमचं काम संपत नाही.

"पण सर, हे सगळं ऑनलाइन तपासता येतं ना?"

येतं. पीसीपार्टपिकरसारख्या संकेतस्थळांवर यादी टाकली की सॉकेट, कूलर, वॉट यांची तपासणी होते. मी स्वतः वापरतो, तुम्हीही वापरा, फुकट आहे. बोर्ड कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी आणि रॅमची यादी असते, ती तर शेवटचा शब्द माना. पण त्या साइटला आडत दुकानातला काटा माहीत नाही. तिने तुमच्याकडे शनिवारी रात्री फोनही करायचा नाही. मशीन बंद पडलं तर गिऱ्हाईक साइटला शोधणार नाही, तुम्हाला शोधणार. मग ज्याला शोधलं जाणार आहे त्याने त्याचे पैसे का घेऊ नयेत?

दुसरा आक्षेप असा की भाव कमी केला नाही तर ऑर्डर जाते. खरंय, काही जातात. जाऊ द्या. माझा अनुभव असा की कोटेशनमधला दीड-दोन हजारांचा फरक बहुतेक वेळा कुठल्यातरी जुळणीतून काढलेला असतो. नाव नसलेला एसएमपीएस, बिलाशिवाय आलेली रॅम, एफवाला प्रोसेसर. मीसुद्धा तेच केलं होतं. त्या दुसऱ्या दुकानाशी भावात बरोबरी करताना त्याने कुठे कात्री लावली होती हे मी विचारलंच नाही. माझ्या आतून आवाज आला होता, मी तो ऐकला नाही.

मग पैसे कसे लावायचे?

एक. कोटेशनमध्ये पार्ट्सचा भाव आणि तुमचं काम वेगळं दाखवा. मी मशिनमागे १,००० रुपये 'जुळणी आणि चाचणी' म्हणून वेगळे लिहायला लागलो. सुरुवातीला हात थरथरला. पण गिऱ्हाईक विचारतो, "हे कशाचे?" आणि तिथेच तुम्हाला बोलायची संधी मिळते. भाव लपवून मार्जिन काढलं तर मोबाइलवर पकडले जाता. काम दाखवून पैसे मागितले तर फारतर घासाघीस होते.

दोन. प्रत्येक ओळीपुढे एक वाक्य लिहा, हा पार्ट का निवडला. "प्रोसेसर बिनएफचा, कारण वेगळं कार्ड लागणार नाही." "रॅम ८-८च्या दोन, कारण दोन मिळून जास्त वेगाने चालतात आणि एक बिघडली तरी काम थांबत नाही." असं कोटेशन दुसरीकडे दाखवलं तरी चालेल. पुढच्या दुकानदाराला आता भावासोबत कारणही द्यावं लागेल.

तीन. विंडोजच्या लायसन्सची ओळ वेगळी ठेवा. क्रॅक टाकून दिलेलं मशीन हा उसना आनंद आहे. व्यवसायाला दिलेल्या मशिनवर तर नकोच.

चार. पक्कं बिल आणि सीरियल नंबर. कॉम्प्युटरवर १८% जीएसटी आहे. तुमचा गिऱ्हाईक स्वतः जीएसटीत असेल तर पक्क्या बिलावर त्याला तो क्रेडिट म्हणून मिळू शकतो, म्हणजे 'बिन बिलाचं स्वस्त' हे त्याला प्रत्यक्षात स्वस्त पडत नाही. हे त्याला शांतपणे आकडे मांडून सांगा. प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरचा फोटो काढून गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. एलजीए बोर्डाच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं कव्हर कधी फेकू नका. पिना बोर्डावर असतात, वाकल्या तर वॉरंटी नाही, आणि कव्हरशिवाय बोर्ड सर्व्हिसला पाठवला तर वाद ठरलेला.

पाच. कोटेशनवर मुदत लिहा. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, त्यात महिन्याभरापूर्वीच्या कोटेशनला बांधले गेलेले दुकानदार स्वतःच्या खिशातून भरत होते. "हा भाव ३ दिवस" एवढी एक ओळ पुरते. आणि ॲडव्हान्स घेतल्याशिवाय माल उचलू नका.

सहा. मोठ्या ऑर्डरमध्ये आधी एकच मशीन पूर्ण जोडा. विंडोज टाका, गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर टाका, प्रिंटर लावा, एक रात्र चालू ठेवा. मगच बाकीच्यांची सीलं फोडा. मी २०२२ मध्ये एवढं केलं असतं, तर एक प्रोसेसर अडकला असता, आठ नाही.

नाही म्हणायलाही शिका

जुळणी विकणारा माणूस कधी कधी 'विकत घेऊ नका' असंही सांगतो. सातव्या पिढीचं मशीन घेऊन आलेल्याला प्रोसेसर बदलून उपयोग नाही हे सांगा. बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदलावे लागतील, कॅबिनेट आणि मॉनिटर राहू शकतात, त्याचा हिशेब कागदावर मांडा. ज्याला फिरतीवर काम आहे त्याला लॅपटॉप घ्यायला सांगा. ज्या ऑफिसला ५० मशिनं आणि वर्षभर जागेवर येऊन सर्व्हिस हवी, आणि तुम्ही दुकानात एकटे आहात, तिथे ब्रँडेडवाल्यांना पुढे जाऊ द्या. सुरुवातीला असं सांगताना पोटात गोळा येतो. पण लहान गावात बातमी लवकर फिरते. 'तो उगीच गळ्यात मारत नाही' ही जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला. पार्ट्सचे डोंगर आहेत तिथे. तुम्ही त्यांच्याशी भावात कधीच जिंकणार नाही, आणि जिंकायची गरजही नाही. त्यांना तुमच्या गावातलं आडत दुकान, तिथली वीज, तिथला काटा माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. हे तुमचं भांडवल, आणि ते बँकेतून कर्ज काढून मिळत नाही.

आता गृहपाठ. या आठवड्यात एकही पार्ट विकत घेऊ नका. तुमच्या ओळखीच्या तीन वेगळ्या व्यावसायिकांकडे जा. एक दुकानदार, एक स्टुडिओ किंवा डीटीपीवाला, एक क्लास चालवणारा. त्यांच्या टेबलामागचे फोटो काढा, ते दिवसभर मशिनवर काय करतात ते तासभर बसून बघा. मग घरी येऊन प्रत्येकासाठी कागदावर एक मशीन जुळवा आणि प्रत्येक पार्टपुढे 'बसतंय, चालतंय, पुरतंय' यांची टिक करा. जिथे टिक करताना पेन अडखळेल, तिथे तुमचा अभ्यास बाकी आहे. तो अभ्यास आता केलात तर त्याला फक्त वेळ लागेल. ऑर्डर घेतल्यावर केलात तर माझ्यासारखी फी भरावी लागेल.

आणि हो, क्लासच्या त्या सरांनी नंतर वाढवलेली ४ मशिनंही माझ्याकडूनच घेतली. तेव्हा त्यांनी भाव विचारायच्या आधी विचारलं, "या वेळी एफ नाही ना?" दोघंही हसलो. पण कोटेशनवर मी 'बिनएफ' हा शब्द पेनाने दोनदा अधोरेखित केला होता.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, हिशेब लिहीत राहा.